मॅडिसनवर ट्राउट गरवायला: आधी आठवडा, मग गाइड

परदेशातल्या नदीवर गाइड घेऊन ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातला मासा) गरवायला जायचे असेल, तर नदी आणि गाइड यांच्याही आधी आठवडा ठरवावा, असे माझे मत गेल्या काही महिन्यांच्या चौकशीनंतर पक्के झाले आहे. माझा थोरला भाऊ सिएटलला असतो आणि मी ठाण्याला. लहानपणी आजोळी देवगडच्या खाडीत आम्ही दोघे मामांबरोबर गरवायला जात असू, त्यामुळे गळ हातात धरण्याचे अप्रूप नाही. परंतु माशीच्या आकाराची, पिसांची आणि दोऱ्याची, वजन जवळजवळ नसलेली फ्लाय वाहत्या पाण्यावर अलगद टाकणे हा प्रकार दोघांनाही नवा आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली मॅडिसन नदी निवडली आहे आणि सध्या माझ्या संध्याकाळी तिच्या पाण्याचा अंदाज घेण्यात जात आहेत.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांच्या संगमातून मॅडिसन सुरू होते, हेबगन धरणातून आणि त्याखालच्या क्वेक लेकमधून बाहेर पडून एनिस या छोट्या गावाकडे येते, आणि पुढे थ्री फोर्क्सजवळ जेफरसन व गॅलाटिन नद्यांना मिळून तिची मिसूरी होते. क्वेक लेक हे तळे १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री झालेल्या भूकंपाने निर्माण केले. डोंगराचा कडा कोसळून नदी अडली आणि त्या भूकंपात २८ माणसे दगावली. तळ्यापासून एनिसपर्यंतचा नदीचा पट्टा उथळ, खळाळता आणि दगडगोट्यांचा आहे, आणि बहुतेक गाइड आपली नाव याच पट्ट्यात घालतात. मोंटानाने १९७४ पासून नद्यांमध्ये हॅचरीतले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले, ट्राउट सोडणे थांबवले, त्यामुळे इथले रेनबो आणि ब्राउन ट्राउट नदीतच जन्मलेले असतात. गंमत अशी, की या दोन्ही जाती मूळच्या इथल्या नव्हेत. ब्राउन युरोपातून आला, रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा, आणि इथला खरा रहिवासी म्हणजे कटथ्रोट.

आता आठवड्याविषयी. मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात डोंगरावरचे बर्फ वितळून तिकडच्या नद्या फुगतात व गढूळ होतात. मॅडिसनला वर धरण असल्यामुळे ती त्यातल्या त्यात लवकर निवळते, पण खाली येऊन मिळणारे ओढे तिलाही गढूळ करू शकतात. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत सॅमनफ्लाय नावाचा, बोटाएवढा लांब किडा पाण्यातून बाहेर पडून काठावरच्या झुडपांवर चढतो आणि मोठे मासे पृष्ठभागावर येऊन त्याच्यावर तुटून पडतात. हे दृश्य पाहायला सगळी दुनिया लोटते, म्हणून गाइडची तारीख मिळणे अवघड होते आणि नदीवर नावांची रांग लागते. नवशिक्याने या गर्दीच्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हे नाकतोड्यांचे दिवस. त्या वेळी फ्लाय थोडी जोरात आपटली तरी चालते, कारण खरा नाकतोडाही पाण्यात तसाच पडतो. मात्र पाणी तापले, की ट्राउटचे हाल होतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही जगेलच याची खात्री राहत नाही, म्हणून पाण्याचे कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोहोचले, की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा निर्बंध राज्य लागू करू शकते. पूर्ण दिवसाचे पैसे भरून दुपारी काठावर बसायची तयारी असेल, त्याने ऑगस्ट निवडावा.

उरला सप्टेंबर, आणि सप्टेंबर म्हटला की मराठी घरात गणपती आडवे येतात. २०२७ साली गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे आणि आमच्या गणपतीचे विसर्जन गौरींबरोबर होते, त्यामुळे महिन्याचा उत्तरार्ध मोकळा मिळतो. त्याच उत्तरार्धात पितृपक्ष येतो. त्या पंधरवड्यात घरात कार्य नाही, कार्यालयात रजेसाठी ओढाताण नाही, आणि मासा खायचा नाही हा आईचा नियम गाइडच्या ‘पकडा आणि सोडा’ या शिस्तीशी तंतोतंत जुळतो. तिकडे त्या सुमारास रात्री गोठवणारी थंडी पडू लागते, गर्दी ओसरते, ढगाळ दुपारी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह नावाचे बारीक किडे पाण्यावर तरंगू लागतात आणि ब्राउन ट्राउट शरदातल्या विणीच्या ओढीने वर सरकू लागतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते: तळाच्या खडीत एखादी जागा घासून पुसल्यासारखी फिकट दिसली, तर ते माशांचे अंडी घालण्याचे ठिकाण असू शकते, तिथे पाय ठेवायचा नाही.

आठवडा ठरल्यावर गाइडची निवड बरीच सोपी झाली. एका नावेत वल्हवणारा गाइड आणि दोन गरवणारे अशी पद्धत असते. दर सहसा नावेचा असतो, माणशी नव्हे, आणि तो दिवसाला साधारण ६०० ते ८०० डॉलरच्या घरात जातो. त्यात दुपारचे जेवण आणि बहुधा रॉड वगैरे साहित्य येते. परवाना येत नाही आणि १५ ते २० टक्के टिपही येत नाही. मी प्रत्येकाला तेच प्रश्न लिहून पाठवले: निर्बंध लागले तर पहाटे निघता का, वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) तुमचे की आमचे, रद्द केल्यास आगाऊ रकमेचे काय, आणि वहिनी आली तर तिला पूर्ण शाकाहारी जेवण मिळेल का. ज्याने उत्तराआधी उलट मलाच विचारले, की तुम्ही वाऱ्यात किती फूट लाइन टाकू शकता, त्याच्याकडेच नोंदणी करायची हे मी तेव्हाच ठरवून टाकले.

त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्याचे काम सध्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलामागच्या मैदानात चालू आहे. नऊ फुटांचा, पाच नंबरच्या लाइनचा रॉड आहे आणि टोकाला फ्लायऐवजी केशरी लोकरीचा तुकडा बांधलेला आहे, कारण मैदानात लहान मुले खेळतात. फ्लायला वजन नसते, वजन लाइनला असते. म्हणून रॉड मागे नेऊन खटकन थांबवायचा, मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा आणि मगच पुढे आणायचा. हा दम धरला नाही, तर लाइन चाबकासारखी कडाडते आणि लोकर तुटून जाते. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला, की मागची लाइन उलगडतच नाही, आणि वॉचमनकाका खुर्चीतूनच “थोडं थांबा ना, मॅडम” असे सुचवतात. सूचना तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर असते. वारा मॅडिसनच्या खोऱ्यातही भरपूर असतो, त्यामुळे तो इथे मिळतो याची मी तक्रार करत नाही. जमिनीवर शिकता येत नाही ती गोष्ट म्हणजे प्रवाह: मधले पाणी वेगाने वाहते आणि लाइनला ओढते, मग फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत जाते व मासा तिच्याकडे बघतही नाही, म्हणून पडलेली लाइन लगेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी लागते. ते गाइडकडूनच शिकायचे. गाठी मात्र इथेच शिकून जायच्या आहेत. ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा टोकाचा बारीक धागा, केवळ ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि चाळिशीचा चष्मा लावूनही तो गरीच्या डोळ्यातून ओवताना जीव मेटाकुटीला येतो. गाठ आवळण्याआधी ती ओठांनी ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने धागा कमकुवत होतो.

व्हिसाची मुलाखत बीकेसीत व्हायची असल्याने ते काम मी सर्वांत आधी सुरू केले, कारण तारखेसाठी कधीकधी महिनेच्या महिने थांबावे लागते. परवाने दोन लागतील: मोंटानाचा परवाना यलोस्टोन उद्यानात चालत नाही, उद्यानाचा स्वतंत्र घ्यावा लागतो, आणि तिथे गरीला उलटा दात नसावा, शिशाचे वजन नसावे, बुटांना फेल्टचे (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे) तळवे नसावेत असे नियम आहेत. फेल्टच्या ओलसर तंतूंत रोगजंतू आणि गोगलगायी दडून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. १९९० च्या दशकात व्हर्लिंग डिसीज या परजीवी रोगाने मॅडिसनच्या रेनबोंची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटवली होती, त्यामुळे हे नियम मला जाचक वाटत नाहीत. रबरी तळव्यांचे बूट दादा तिकडेच घेणार आहे. पुढच्या रविवारी फोनवर मापे कळवायची आहेत, आणि जाड लोकरी मोज्यांसाठी एक नंबर मोठा घ्यायचा, असे गाइडने बजावले आहे.