सहावीले पोरगी कोणत्या शाळेत टाकायची?

भावाची पोरगी पाचवी पास झाली. गावची झेडपी शाळा पाचवीपर्यंतच, त्यामुळे उन्हाळाभर घरात हाच विषय चालू आहे. आमचा भाग यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस-सोयाबीनवाला. पर्याय तीन: शेजारच्या गावची झेडपी, रोडवरचं अनुदानित हायस्कूल आणि तालुक्याची नगर परिषद शाळा. एप्रिलमध्ये सकाळपाळी सुरू होती तेव्हाच मी तिन्ही ठिकाणी जाऊन आलो.

लोकं पहिले विचारतात, डिजिटल क्लास आहे का, टाईल्स लावल्या का. माझं म्हणणं, पहिले विचारा गणित कोण शिकवते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक शिक्षक पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि 35 पोरांमागे एक शिक्षक. प्रत्यक्षात एका शाळेत गणिताची जागाच रिकामी, मराठीचे सर सहावी-सातवी एकत्र बसवून गणित घेतात. सर मनापासून शिकवतात, पण एकटा माणूस किती पुरणार? इमारत मात्र तिन्हीत सगळ्यात भारी तिथलीच.

शेजारच्या झेडपीत मी सातवीच्या एका पोरीची वही मागितली. समीकरणात चिन्ह चुकलं होतं, मॅडमनी लाल पेनानं त्याच ओळीवर गोल केला होता आणि खाली पोरीनं तेच गणित पुन्हा सोडवलं होतं. दुसऱ्या एका शाळेत वही सुंदर, अक्षर मोत्यासारखं, पण फळ्यावरून उतरवलेलं, चुकीच्या उत्तरावरही बरोबरची खूण. मले तिथंच समजलं.

अजून एक गोष्ट, काही शाळा सातवीपर्यंतच असतात. मग आठवीत शाळा बदला, आणि एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा नेमकी आठवीतच असते. पास होऊन निवड यादीत नाव लागलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना बसताच येत नाही, हे कॉन्व्हेंटच्या मागे लागलेल्या पालकांना कोणी सांगतच नाही!

हजेरीही विचारा, पण नोव्हेंबरची. कापूस वेचणीत पोरं घरी राहतात तेव्हा मास्तर घरोघरी जाऊन बोलावतात का, यावरून शाळा कळते.

वहिनीचं म्हणणं, "रस्त्यानं एकटी कशी जाईन पोट्टी?" हा प्रश्न खरा आहे. सरकारच्या मानव विकास योजनेतली पोरींची सायकल आठवीपासून मिळते, सहावीच्या पोरीला घरूनच घेऊन द्यावी लागणार. मी शेजारच्या झेडपीवर ठाम आहे, तिथं आठवीपर्यंत वर्ग आहेत आणि गणिताच्या मॅडमही आहेत. गावातून अजून कोणी पोरगी तिथं टाकत असेल तर शाळा उघडायच्या आधी सांगा, जून संपत आला की उघडतातच, सगळ्या पोरी सोबत जातील.