मिनी ट्रॅक्टरचं टायर साइज बदललं, मागचं आणि पुढचं दोन्ही: माझा अनुभव

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या बाजूची काळी जमीन, ९ बाय ५ फुटाची लागवड. ट्रॅक्टर २७ एचपीचा मिनी, फोर व्हील ड्राइव्ह, मागं ८.३-२० आणि पुढं ६-१२ टायर कंपनीतून आलेले. ते बदलून मी आता मागं ९.५-२० आणि पुढं ७-१२ टाकलेत. गेले बरेच दिवस ओळखीतले लोक फोन करून विचारतायत की काय केलं, कसं केलं, रिम बदलली का, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी कारण सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटतात तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला तर डाऊनी (केवडा रोग) थांबत नाही हे बागवाल्यांना वेगळं सांगायला नको. पाऊस उघडला की फवारा तेव्हाच्या तेव्हा गेला पाहिजे आणि नेमकी तेव्हाच काळी जमीन पाय ठेवू देत नाही. मागं भरलेला ब्लोअर (हवेच्या झोतानं औषध फवारायचं मशीन), ६०० लिटरची टाकी, ट्रॅक्टर ओळीत शिरला की अर्ध्यात चाक जागेवर फिरायला लागायचं, टायरचे लग (वर आलेल्या तिरक्या पट्ट्या) मातीनं भरून गुळगुळीत व्हायचे आणि चाकोरी इतकी खोल पडायची की पुढच्या फवाऱ्याला ट्रॅक्टर त्याच चाकोरीत पोटावर टेकायचा. आमचे आप्पा म्हणायचे, अरे निम्मी टाकी घेऊन जा. पण निम्मी टाकी म्हणजे दुप्पट फेऱ्या, आणि दुप्पट फेऱ्या म्हणजे चाकोरी अजून खोल. त्यात मागचे टायर तसेही झिजत आले होते, त्यामुळं बदलायचेच आहेत तर एक साइज रुंद टाकू असं ठरवलं.

८.३-२० म्हणजे टायर साधारण ८.३ इंच रुंद आणि रिम २० इंचाची. ९.५-२० ला रिम तीच २० इंची चालते. आमची मागची रिम डब्ल्यू ७ (म्हणजे ७ इंच रुंद) आहे, ९.५ ला डब्ल्यू ८ जास्त योग्य पण डब्ल्यू ७ पण चालते, टायर कंपनीच्या चार्टमध्ये दोन्ही दिलेल्या असतात, बसवायच्या आधी तेवढं बघून घ्या. म्हणजे नवीन रिम नाही, फक्त टायर-ट्यूब, इथपर्यंत काम सोपं वाटतं.

टायरच्या दुकानात गेलो तर तिथले शेठ म्हणाले, "भाऊ, मागचे दोन टाका आणि पळा, पुढचे अजून दोन सीझन जातील." टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असता तर त्यांचं बरोबर होतं. पण फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल गिअरनं एकमेकाला बांधलेले असतात, मागचं चाक एक फेरी फिरलं की पुढच्यानं किती फिरायचं हे गिअरबॉक्समध्ये कायमचं ठरलेलं असतं, ते टायर बघून बदलत नाही. कंपनी ते असं ठरवते की पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडीशी जास्त ओढ घेतील, साधारण १ ते ५ टक्के, याला लीड म्हणतात. आता फक्त मागचा टायर मोठा केला की मागचं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पुढचं मात्र तेवढंच फिरतं, म्हणजे पुढची चाकं ओढायच्या ऐवजी ब्रेक लागल्यासारखी मागं धरून ठेवतात. चिखलात फोर व्हील टाकायचा तो ओढ मिळावी म्हणून आणि मिळतं उलटंच. कडक जमिनीवर तर अजून वाईट, टायर घसरू शकत नाही मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर बसतो, फोर व्हीलचा लिव्हर काढता निघत नाही, आणि पुढच्या ॲक्सलचे गिअर गेले तर तो खर्च टायरपेक्षा कितीतरी मोठा असतो.

म्हणून टायर घ्यायच्या आधी मोजमाप केलं, आणि या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

घरासमोरच्या सरळ, सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर उभा केला, चारही टायरमध्ये हवा नेहमीची. मागच्या टायरला खाली जमिनीला टेकतं तिथं खडूनं रेघ आणि रस्त्यावर पण रेघ, तसंच पुढच्या टायरला. फोर व्हील काढून ठेवला आणि पहिल्या गिअरला हळूहळू मागच्या चाकाच्या बरोबर १० फेऱ्या होईपर्यंत चालवला. चुलतभाऊ पुढच्या चाकाबरोबर चालत फेऱ्या मोजत होता, मी सीटवरून मागचं बघत होतो. १० फेऱ्यांत ट्रॅक्टर गेला २७ मीटर, आणि पुढचं चाक फिरलं १३.९, म्हणजे १३ फेऱ्या पूर्ण आणि चौदावीला थोडंच कमी. मग तेच सगळं फोर व्हील टाकून, पण यावेळी बांधाच्या कच्च्या मोकळ्या मातीत. आता पुढचं चाक फिरलं १४.३५. हा फरक म्हणजे लीड, १४.३५ भागिले १३.९, साधारण ३ टक्के. कंपनीनं दिलेलं अगदी जागेवर होतं.

यात १४.३५ हा आकडा जपून ठेवायचा. तो टायरचा आकडा नाही, गिअरचा आहे, टायर नवा असो जुना असो, कुठल्याही कंपनीचा असो, फोर व्हीलमध्ये मागच्या १० ला पुढचं १४.३५ च फिरणार. मी तो मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवलाय.

आता हिशोब. ९.५-२० चा चाकाचा घेर, लोडवर फिरताना एका फेरीत जेवढं अंतर जातं तो, मी बघितलेल्या टायरचा २.८६ मीटर होता. १० फेऱ्यांना २८.६ मीटर. त्याला १४.३५ नं भागलं की येतं १.९९ मीटर. पुढच्या टायरचा घेर एवढा असला तर लीड शून्य. आपल्याला हवा १ ते ५ टक्के जास्त, म्हणजे २.०१ ते २.०९ च्या मध्ये. आमच्या जुन्या ६-१२ चा घेर १.९४, म्हणजे शेठच्या सांगण्याप्रमाणं मागचेच बदलले असते तर लीड उणे अडीच टक्क्याच्या आसपास गेला असता.

हा २.०१ ते २.०९ चा आकडा घेऊन मी टायर शोधायला निघालो आणि खरी दमछाक इथंच झाली. पिंपळगावात दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळे साइज सांगतात, घेर कोणी सांगत नाही. मग नाशिकला आडगाव नाक्याकडं गेलो, तिथं एका दुकानात मुलानं मोबाईलवर कंपनीचं डेटा बुक उघडलं, त्यात रोलिंग सर्कमफरन्सचा (म्हणजे याच घेराचा) कॉलमच असतो, तो बघायचा. एका कंपनीचं ७-१२ होतं २.११, दुसऱ्या कंपनीचं तेच ७-१२ होतं २.०५. साइडवॉलवर साइज दोन्हीवर सेम छापलेलं! २.११ टाकलं असतं तर लीड जवळजवळ ६ टक्के, पुढचे टायर घासून घासून गेले असते आणि स्टिअरिंग जड. २.०५ वाले घेतले. पुढच्या दोन टायरचा खर्च मागच्या जोडीपेक्षा बराच कमी असतो, तिथं हात आखडता घ्यायचं काही कारण नाही.

पैसे द्यायच्या आधी अजून एक बघितलं. आमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात कंपनीनंच ९.५-२० आणि ७-१२ ची जोडी ऑप्शन म्हणून दिलेली आहे, त्यामुळं वॉरंटीचा प्रश्न आला नाही. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येत नाही, आणि ट्रॅक्टर रस्त्यावरून मार्केटला जातोच, म्हणून कंपनीच्या यादीत नसलेलं साइज मी तरी टाकणार नाही.

बसवायचं काम घरीच केलं, पंक्चरवाले काका त्यांचं सामान घेऊन आले होते. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं होतं, ते आधी काढलं. जॅक लावून चाक उचललं, ॲक्सलखाली सागाचे जाड गुटके लावले, बाकीच्या चाकांना पुढून मागून दगड, आणि व्हॉल्व्ह खाली आणून व्हॉल्व्ह पिन काढली. आधी पिचकारी उडाली मग धार लागली, काळपट गंजकं पाणी, पन्नासेक लिटर तरी एकेका चाकातून निघालं असेल. नंतर कडेवर उभं राहून पहार घालून टायरची कड रिमवरून उतरवायची. कड सुटताना जो आवाज येतो तो अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. रिमच्या आत गंजाचे पापुद्रे होते, काकांनी तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइडचा हात मारायला लावला आणि वाळेपर्यंत पुढचं काम घेतलं. बरं झालं, कारण गंजलेली रिम ट्यूब कापते.

टायर चढवताना बाण बघायचा. साइडवॉलवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, डावं-उजवं उलटं बसलं तर लग माती बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढतात आणि एवढा सगळा खर्च वाया. पाणी परत भरताना व्हॉल्व्ह बरोबर वरती ठेवून व्हॉल्व्हच्या लेव्हलपर्यंतच भरलं, म्हणजे टायर पाऊण भरतो आणि वर हवेला जागा राहते.

जागा पुरते का हे पुढच्या बाजूला जास्त बघावं लागतं. ट्रॅक्टर सपाट उभा करून स्टिअरिंग फिरवलं तर सगळं मोकळं दिसतं, पण बांधावर चढताना पुढचा ॲक्सल एका बाजूला कलतो तेव्हा टायर बॉडीला लागतो. म्हणून एक पुढचं चाक जॅकनं पूर्ण उचललं, ॲक्सल कलेल तेवढा कलू दिला आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. एका बाजूला दोन बोटं जागा, दुसऱ्या बाजूला जेमतेम एक. स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढून लॉक (चाक वळायची हद्द) कमी केला, त्यानं ओळीच्या टोकाला वळायला किंचित जास्त जागा लागते, पण आमच्याकडं टोकाला मोकळं सोडलेलं आहे. मागं मडगार्ड आणि लिफ्टच्या साखळ्या बघितल्या, तिथं अडचण नव्हती. बाहेरून बाहेर रुंदी साधारण ३ सेंटीमीटरच वाढली.

मग परत तीच १० फेऱ्यांची मोजणी. फोर व्हील काढून पुढचं १३.९५, टाकून १४.३५. लीड ३ टक्क्याच्या जरा आत. चुलतभावानं आकडा सांगितला तेव्हा खूप बरं वाटलं.

ब्लोअरवाल्यांनी आता नीट लक्ष द्या. मागचं चाक ६ टक्के मोठं झालं म्हणजे त्याच गिअरला, त्याच आरपीएमला ट्रॅक्टर ६ टक्के जोरात पळतो. १०० मीटरला आधी ७२ सेकंद लागायचे, आता ६८. नोझलमधून पाणी तेवढंच पडतंय, त्यामुळं एकरी ५०० लिटर जायचं ते ४७० च्या आसपास आलं, आणि पाण्याबरोबर औषध पण तेवढंच कमी. डाऊनीच्या दिवसांत हे परवडत नाही. थ्रॉटल कमी करून स्पीड आणता येतो पण मग पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) ५४० आरपीएमच्या खाली जातो आणि ब्लोअरची हवा पडते, पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचत नाही. मी प्रेशर वाढवलं. नोझलचं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतं, म्हणजे ६ टक्के पाणी वाढवायला प्रेशर १२ टक्क्यानं वाढवावं लागतं, आमचं २० बार होतं ते साडेबावीसला नेलं आणि बादली लावून, घड्याळ लावून खात्री केली.

चिखलात फरक पडला, आणि चांगला पडला. छाटणीनंतरच्या पावसात पूर्ण भरलेली टाकी घेऊन ट्रॅक्टर ओळी पार करत होता, चाकोरी पडते पण उथळ, आणि पोट इंचभर वर उचललं गेल्यामुळं मधल्या उंचवट्याला टेकत नाही. जिथं पाणी साचतं त्या खालच्या चार ओळींत अजूनही जपूनच जावं लागतं. ओढताना इंजिनवर किंचित जास्त लोड जाणवतो, चढाला एक गिअर खाली घेतो. रोटाव्हेटरला काही फरक नाही. आणि मांडव पद्धतीची बाग असेल तर वरच्या तारेची उंची बघा, ट्रॅक्टर अडीच सेंटीमीटर उंच होतो.

पहिल्या फवाऱ्यानंतर चाकांचे सगळे नट परत पान्यानं ओढले, दोन नट थोडे फिरले, रंग दिलेल्या रिमवर असं होतं म्हणे काका. आठवड्यानं परत ओढले, तेव्हा एकही हलला नाही.

कोणाला आपल्या ट्रॅक्टरचं करायचं असेल तर मागच्या १० फेऱ्यांना पुढच्या किती, फोर व्हील टाकून आणि काढून, आणि किती मीटर अंतर गेलं एवढे तीन आकडे आणि सध्याचं टायर साइज पाठवा, पुढचा घेर किती पाहिजे ते काढून देतो.