आमची वाटचाल : पोर्ट २५ ची एक ओळ

सुरुवातीला आम्ही दोघेच होतो, मी आणि माझा भागीदार. काम मेल सर्व्हर आणि फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) बसवून देण्याचं. दोन जुनी मशीन्स, त्यांवर लिनक्स, आयपीटेबल्स (लिनक्सवर फायरवॉलचे नियम लिहिण्याचं साधन) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर). पहिली वर्षं सुरळीत गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका आठवड्याबद्दल.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे औषधांचे एक घाऊक व्यापारी. त्यांची मेल परत यायला लागली. येणारी मेल व्यवस्थित, जाणारीवर मात्र समोरच्या सर्व्हरचं उत्तर कुठे ५५० (कायमचा नकार), कुठे ४५० (आत्ता नाही, नंतर पाठवा). आम्ही पोहोचायच्या आत दुसऱ्या एका फर्मचा माणूस तिथे येऊन बसला होता. लॉग न उघडताच म्हणाला, "यांचा सर्व्हरच कुचकामी आहे." ही गोष्ट त्याने पसरवली आणि आमची आणखी दोन गिऱ्हाइकं फोडली. ते शब्द अजून कानात आहेत. व्यापारी मात्र म्हणाले, "बसवलंय तुम्ही, तुम्हीच सांगा. दोन दिवस थांबतो."

भागीदाराने फायरवॉलच्या बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारं साधन) लावला. याच्याइतकं खरं बोलणारं हत्यार आमच्या धंद्यात दुसरं नाही. मेल सर्व्हरला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) होता, पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आणि एसपीएफ (डोमेनची मेल कुठल्या आयपीवरून यावी ते सांगणारी नोंद) त्याच आयपीचे. पण आमचा डीनॅटचा (त्या आयपीवर आलेलं आत सर्व्हरकडे वळवण्याचा) नियम बाहेरून आलेल्या कनेक्शनपुरता. सर्व्हरने स्वतः उघडलेलं कनेक्शन मास्करेडमधून (आतल्या सगळ्यांना एकच बाहेरचा आयपी लावणारा नियम), म्हणजे फायरवॉलच्या मुख्य आयपीवरून निघत होतं. व्यापाऱ्यांच्या ऑफिसातलं व्हायरस लागलेलं एक मशीन त्याच आयपीवरून स्पॅम सोडत होतं, त्यामुळे तो आयपी ब्लॅकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत) गेलेला. सर्व्हर निर्दोष होता, नियम माझे चुकले होते. व्यापाऱ्यांना मी ते तसंच सांगितलं.

पोस्टराउटिंगमध्ये (पॅकेट बाहेर पडताना लागणाऱ्या नियमांच्या यादीत) एसनॅटची, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलण्याची, ओळ घातली : सोर्स मेल सर्व्हर, डेस्टिनेशन पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार), बाहेर पडताना त्याचाच आयपी. तरी फरक पडेना! ओळ मास्करेडच्या खाली गेली होती, आणि तिथे आधी जुळेल तो नियम लागतो. ती वर घेतली. नॅट टेबल (पत्ते बदलणाऱ्या या नियमांचा तक्ता) कनेक्शनच्या पहिल्याच पॅकेटला पाहिलं जातं, म्हणून कॉनट्रॅकमधल्या (चालू कनेक्शन्सच्या यादीतल्या) जुन्या नोंदी उडवल्या. मग मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांचं बाहेर जाणारं पोर्ट २५ फॉरवर्ड चेनमध्येच (फायरवॉलमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांत) बंद केलं. ४५० वाली मेल पोस्टफिक्सने क्यूमध्ये (रांगेत) धरून ठेवली होती (सेटिंग बदललं नसेल तर तो ५ दिवस धरतो), ती त्याच रात्री निघून गेली. ५५० वाली पुन्हा पाठवावी लागली.

नव्या मंडळींना सांगतो, फायरवॉलच्या स्क्रीनवर विसंबू नका. बाहेरच्या खात्यावर एक मेल पाठवा आणि तिथल्या रिसीव्हड हेडरमध्ये (मेल कुठून आली त्याच्या नोंदीत) कुठला आयपी दिसतो ते वाचा. हेलोचं नाव (सर्व्हर जोडताना स्वतःचं सांगतो ते), पीटीआर आणि ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) जुळलेच पाहिजेत. सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी) असेल तर त्याचाही पीटीआर हवा, तिकडे ही एसनॅटची ओळ कामाला येत नाही.

व्यापारी आजही आमच्याकडेच आहेत. ती दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत. त्यांचे नियमही मीच लिहिले होते, तीच एक ओळ त्यांनाही पुरली असती.