दिवाळ्याच्या टोपलीतली मुशी

ऐरोलीच्या खाडीत बोटीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिले. पक्षी सुंदर, बोटीतला कलकलाट असह्य. त्यावर इतकंच. खरी भटकंती सुरू झाली ती बेलापूरला उतरून दिवाळे कोळीवाड्यात शिरल्यावर.

एका मावशींच्या टोपलीत बोंबलांच्या शेजारी दीड वीत लांबीची मुशी, म्हणजे छोटी शार्क, उताणी पडली होती. छातीच्या दोन परांमध्ये बारीकशी चीर, अजून न भरलेली. नाळेची जागा. मी तिथेच उकिडवी बसले.

"काय बघतेस एवढं? घ्यायची तर घे, बाळंतिणीला चांगली असते."

बाळंतिणीला! आणि हिची स्वतःची नाळ सुकली नव्हती.

प्रवाळबेटांवर मुशींचा अभ्यास करणारे हीच खूण आधी बघतात. ती उघडी असली, तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं. काळ्या टोकाच्या परांची प्रवाळमुशी लहानपणी अगदी उथळ पाण्यात वाढते. पिल्लू जाळ्यात धरून उताणं केलं की थोडा वेळ निपचित राहतं. तेवढ्यात लांबी मोजायची, कातडीखाली तांदळाएवढी चिप सरकवायची आणि सोडून द्यायचं. तेच पिल्लू पुन्हा सापडलं की पुन्हा मोजायचं. वाढ कळते ती अशी, जिवंतपणी. मोठ्यांच्या अंगात ध्वनिसंकेत देणारं यंत्र बसवतात आणि समुद्रतळावरचे ग्राहक ते संकेत टिपतात. पॅसिफिकमधल्या पालमायरा बेटाच्या प्रवाळमुशी जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरात वावरताना आढळल्या. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाच्या काही माद्या मात्र पिल्लं घालायला सुमारे ५० किलोमीटरवरच्या टेटियारोआ बेटाला जातात. हे पिल्लांच्या डीएनएवरून जुळवलं गेलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्या खाडीच्या तोंडाशी जन्मणारी पिल्लं कुठे जातात, हे मला त्याहून जास्त जाणून घ्यायचंय. टोपलीतली ही मुशी डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, आली होती. डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते, लहानमोठं निवडत नाही. त्यात कोळ्यांचा काय दोष?

मी मावशींना विचारलं, अशी पिल्लं कधी जास्त येतात? त्यांनी महिना सांगितला, उधाणाचे दिवस सांगितले, मग नवऱ्याला हाक मारून जागाही विचारली. इतकं बारीक ठाऊक असलेल्या माणसांकडे आपण फक्त भाव विचारतो, याचा मला राग येतो.

मुशी घेतली नाही, बोंबील घेतले. पुढच्या खेपेला मोजपट्टी आणि वही नेणार आहे. मावशी पिल्लं मोजू देणार आहेत, पण गिऱ्हाईक यायच्या आधी, भल्या सकाळी.