तुम्ही विचारलंत म्हणून: गावात डॉक्टर का टिकत नाहीत

गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, मे महिन्यात आंब्यासाठी आलेले विचारतात, आणि ज्यांच्या मुलाला मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेत चांगले मार्क पडलेत ते आईबाप तर घरी येऊन विचारतात. ‘आमच्या गावात डॉक्टर का टिकत नाही हो? आणि तुम्ही कशा टिकलात?’ दोन्हींचं उत्तर एकच आहे असं मला आता वाटतं. पण ते दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात माझा दवाखाना आहे. मी एमबीबीएस, पुढची डिग्री नाही. सर्दी-तापापासून साखर, रक्तदाब, गळवं, पाकट माशाचा काटा लागलेले खलाशी, सगळं येतं.

डॉक्टर पैशासाठी जातात असा बहुतेकांचा समज असतो. तो फारसा खरा नाही. इथे जनरल प्रॅक्टिस करणारा उपाशी राहत नाही. उधारी असते, पण काजूचे पैसे हातात आले की लोक आठवणीने आणून देतात. मुलांच्या शाळेचं कारण खरं आहे, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीचंही. त्यासाठी गेलेल्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत.

पण माणूस खचतो तो रात्रीचा निर्णय एकट्याने घेऊन घेऊन.

लेप्टोचंच, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाच्या तापाचंच, बघा. लावणीच्या दिवसांत माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात असतात. पायांना भेगा पडलेल्या, चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं, आणि त्या भेगांतून रोगजंतू आत शिरतो. पहिले दोन दिवस हा ताप इतर तापांसारखाच दिसतो, आणि नेमका त्याच दिवसांत डेंग्यू असतो, मलेरिया असतो, भिजून आलेला साधा ताप तर विचारूच नका. मी पोटरी दाबून बघते. लेप्टोचा रुग्ण बोट लागताच पाय ओढून घेतो. डोळे लाल असतात, पण त्यांत चिपडं नसतात. मग विचारते, सकाळपासून लघवी किती झाली? ती कमी झालेली असेल तर मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झाल्याची शंका घ्यावीच लागते. सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं तर बरेच जण घरच्या घरी बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिस लागू शकतं, क्वचित फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय नाहीतर थेट गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज गाठावं लागतं.

आता रात्रीचे अकरा वाजलेत, पाऊस कोसळतोय, लाइट नाही. समोर चाळिशीचा माणूस, अंगात ताप, पोटरी दुखतेय, लघवी ‘झाली असात दोनदा’. बायको म्हणते, ‘सकाळी बघूया मा? उद्या लावणेक माणसा सांगितली हत.’ पाठवलं आणि काही निघालं नाही, तर त्यांची लावणी बुडते आणि पुढच्या खेपेस ते माझं ऐकत नाहीत. ठेवून घेतलं आणि पहाटे श्वास लागला, तर घाटातून नाहीतर हायवेवरून पळवायला वेळ उरत नाही. मेडिकल कॉलेजात अशा वेळी हाकेच्या अंतरावर सीनिअर असतो. इथे बॅटरीच्या उजेडात मी आणि कंपाउंडर. अशी एखादी रात्र निभते. वर्षानुवर्षं फोन उशाशी घेऊन झोपायचं, आजारी पडायचं नाही, भावाच्या लग्नालाही अर्ध्या दिवसासाठी जायचं, हे निभत नाही.

माझ्या ओळखीचा एक डॉक्टर, माझ्याहून चांगला, दवाखाना बंद करून शहरात गेला. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या दारात जमाव आला होता. रुग्ण आणला तेव्हाच फार उशीर झालेला होता. डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे, पण जमाव दारात असताना तो कायदा तालुक्याच्या पोलीस ठाण्यात असतो. लोक म्हणतात तो त्या प्रसंगामुळे गेला. मी जवळून पाहिलं ते थोडं वेगळं होतं. त्यानंतर तो येईल त्याला पुढे, मोठ्या दवाखान्यात, पाठवू लागला. मूल दोनदा ओकलं, पुढे पाठव. म्हाताऱ्याला चक्कर आली, पुढे पाठव. फॅमिली डॉक्टरचं निम्मं काम ‘आज थांबूया, उद्या सकाळी परत दाखवा’ एवढं म्हणण्यात असतं, आणि त्या थांबण्याची जबाबदारी डॉक्टरने घेतलेली असते. ते सुटलं की चिठ्ठ्या लिहिणं तेवढं उरतं. चिठ्ठ्या लिहिण्यात कुणाचा जीव रमेल? शटर त्याने पुढे बऱ्याच महिन्यांनी ओढलं. तेव्हा शेजारी त्याच तोडीचा दुसरा डॉक्टर असता, त्याने रोज संध्याकाळी ‘हे तू बरोबर केलंस’ एवढं म्हटलं असतं, तर तो राहिला असता असं मी खात्रीने म्हणते.

असं बोलणं निघालं की कुणीतरी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव काढतं. काढावं असंच ते काम आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना ते लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले, विष हृदयावर कसं उतरतं ते टिपून ठेवलं, आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून असे रुग्ण वाचवता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. कोकणातली किती घरं त्यामुळे वाचली! २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचं नाव घेऊन पंचवीस वर्षांच्या पोराला ‘बघ, ते राहिलेच ना’ असं सुनावणं मला मुळीच पटत नाही. एका माणसाच्या असामान्य चिकाटीवर तालुक्याचं आरोग्य सोपवणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि तालुक्यावरही.

मी टिकले ती चिकाटीने नव्हे. शेजारच्या गावातले एक वैद्य आणि तालुक्याला असलेले एक ज्येष्ठ डॉक्टर, आम्ही तिघांनी रात्री आणि रविवार वाटून घेतले. ज्याची पाळी त्याचा फोन चालू, बाकीच्यांनी खुशाल झोपावं. कणकवलीचे एक फिजिशियन व्हॉट्सॅपवर पाठवलेला ईसीजी रात्री दोनलाही बघतात आणि दोन ओळींत सांगतात, ठेवा किंवा पाठवा. आधी लोक कुरकुरले. ‘आमका तुमीच होयात’ म्हणाले. हळूहळू त्यांना सवय झाली. ही व्यवस्था नसती तर मीही केव्हाच रत्नागिरीला नाहीतर मुंबईला गेले असते.

मग झोप पुरी झाली की या कामातली गोडी दिसायला लागते. एक आजी दर महिन्याला येतात. मुलगे मुंबईला, घरी त्या एकट्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘माका काय्येक नाय.’ मी त्यांच्याशी वाद घालत नाही, गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उलटी करते. महिन्याच्या पाकिटात निम्म्या गोळ्या शिल्लक! मुलगा शिमग्याला येईपर्यंत पुरावी म्हणून रक्तदाबाची गोळी त्या एकाआड एक दिवस घेत होत्या. कुठल्याही तपासणीत हे सापडलं नसतं. पहिल्यांदाच भेटणाऱ्या डॉक्टरने रक्तदाब चढलेला बघून आणखी एक गोळी वाढवली असती. मी स्वस्त गोळी लिहून दिली आणि त्यांच्यासमोर मुलाला फोन लावला. ‘झिलाक सांगू नकात’ असं त्या म्हणत होत्या, पण आधी त्यांना समजावलं, त्यांचा होकार घेतला, मग लावला.

हे केवळ माझ्या मनाचं समाधान नाही. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये आला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, डॉक्टरशी जेमतेम वर्षाची ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी आढळलं. डॉक्टर टिकण्याचा हिशोब हा असा माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे.

नीटवाल्या आईबापांना एक सांगते. तुमच्या मुलाला कॉलेजात शिकवणारे जवळजवळ सगळे स्पेशालिस्ट असतील. रुग्ण त्याला भेटेल तो गाळून, निवडून वॉर्डात आलेला. पाच-साडेपाच वर्षांत तो गावातल्या दवाखान्याच्या बाकावर क्वचितच बसेल, आणि मग लग्नकार्यात त्याला विचारलं जाईल, ‘नुसतं एमबीबीएस?’ आता सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या मुलांनी पावसाळ्यात महिनाभर आमच्यासारख्यांकडे यावं, पोटरी दाबून बघावी, असं मला फार वाटतं.

आणि चाकरमान्यांनो, तुम्ही देवळासाठी वर्गणी काढता तशी डॉक्टरसाठी काढायला तयार असता, हे मला ठाऊक आहे. पण एकाच डॉक्टरला जागा देऊन मोकळे होऊ नका, दोघांची सोय बघा. दिवसा दाखवता येणारं दुखणं रात्री बारापर्यंत ताटकळत ठेवू नका, हे गावाकडच्यांना फोनवर सांगा. ते तुमचं ऐकतात.

आमच्यातले ज्येष्ठ डॉक्टर लवकरच काम थांबवणार आहेत. मग पाळ्या दोघांतच वाटायच्या, म्हणजे एक रात्र सोडून एक. किती दिवस जमेल याची मला काळजी आहे. तुमच्या ओळखीत कुणी तरुण डॉक्टर असेल, एमबीबीएस असो वा वैद्य, तर एकदा चार दिवस राहायला पाठवा. वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, आणि तिसरी पाळी त्याच्यासाठी मोकळी ठेवते.