पॉवरपॉइंटमध्ये डिजिटल कॅलेंडर: आधी सांगाडा, मग लिंक्स, रंग शेवटी

प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर बनवायला घेतलं की हात आधी रंगांकडे आणि फोटोंकडे जातो, आणि तिथेच काम वाढतं. बारा पानं सजवून झाल्यावर तक्ता जरा खाली हवा होता असं लक्षात आलं, तर ती दुरुस्ती बारा ठिकाणी करावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: पानाचा आकार, एका महिन्याचा तक्ता, मग बाकीचे महिने, मग एका क्लिकवर हव्या त्या महिन्याच्या पानावर नेणाऱ्या लिंक्स आणि सजावट सगळ्यात शेवटी. इथे उदाहरणाला २०२७ साल घेतलं आहे आणि मेनूंची नावं पॉवरपॉइंटची आहेत. गूगल स्लाइड्समध्ये मेनू वेगळे असले तरी कामाचा क्रम हाच राहतो.

पानाचा आकार आधी ठरवायचा तो डिझाइनमधल्या स्लाइड साइजमध्ये. नंतर बदलला तर सॉफ्टवेअर सगळं लहानमोठं करून बसवतं आणि तक्त्याची मापं बिघडतात. कॅलेंडर स्क्रीनवरच पाहायचं असेल तर १६:९ चं नेहमीचं पान, म्हणजे ३३.८६७ बाय १९.०५ सेंटिमीटर, उत्तम. छापायचंही असेल तर यादीतला ए-फोर हा पर्याय निवडू नका. त्यात पान साधारण २७.५ बाय १९.०५ सेंटिमीटरचं होतं, खऱ्या ए-फोर कागदापेक्षा लहान. कस्टममध्ये जाऊन २९.७ आणि २१ हे आकडे स्वतः टाका. फोनच्या वॉलपेपरसाठी ११.२५ बाय २० इंचांचं उभं पान घ्या. पानाची पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल काढताना पॉवरपॉइंट मुळात इंचाला ९६ पिक्सेल धरतं, त्यामुळे चित्र बरोबर १०८० बाय १९२० पिक्सेलचं मिळतं.

आता तक्ता. सात कॉलम आणि सात ओळी: एक ओळ वारांची, सहा आठवड्यांच्या. पाच आठवड्यांत भागेल असं वाटतं, पण भागत नाही. आठवडा सोमवारपासून धरला तर २०२७ च्या मे आणि ऑगस्टला सहा ओळी लागतात. त्याच वर्षी फेब्रुवारी सोमवारी सुरू होऊन २८ दिवसांत संपतो, म्हणजे त्याला चारच ओळी पुरतात. तरीही प्रत्येक पानावर सहा ओळीच ठेवा. महिना बदलला की तक्त्याची उंची बदलत राहिली तर पानं चाळताना सगळं उड्या मारल्यासारखं दिसतं.

१६:९ च्या पानावर नीट बसणारी मापं अशी: प्रत्येक कॉलम ४.२ सेंटिमीटर, वारांची ओळ १.१, बाकीच्या सहा ओळी प्रत्येकी २.५. तक्ता २९.४ रुंद आणि १६.१ उंच होतो. डावीकडे १.२ आणि वर २.१ सेंटिमीटर सोडा. वरच्या जागेत महिन्याचं नाव येईल, उजवीकडे महिन्यांच्या लिंक्सच्या उभ्या पट्टीला जागा उरेल.

इथे हमखास अडखळायला होतं. ओळीची उंची टाकली तरी ओळ तेवढी होत नाही, मोठीच राहते. रिकाम्या खान्यालाही फॉन्टचा आकार असतो आणि तो मुळात १८ पॉइंट असतो. ओळ त्या अक्षराच्या उंचीपेक्षा लहान होऊच शकत नाही. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळ आणखी उंच होते. म्हणून आधी पूर्ण तक्ता निवडून फॉन्ट १० पॉइंट करा, मग उंची टाका, मग तारखा १६ आणि वार १४ पॉइंट करा. अक्षरं खान्यात वर-डावीकडे ठेवा, म्हणजे खाली लिहायला जागा राहते. आणखी एक: टेक्स्ट बॉक्समध्ये मजकूर वाढला की अक्षरं आपोआप लहान होऊ शकतात, तक्त्यात तसं होत नाही. खान्यात जास्त लिहिलं की ओळ फुगते आणि शेवटचा आठवडा पानाखाली जातो. तारखेपुढे दोन छोट्या ओळींपेक्षा जास्त लिहायचं असेल तर तो मजकूर वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये तक्त्यावर ठेवा.

तारखा भरताना टॅबने पुढच्या खान्यात जाता येतं. फक्त शेवटच्या खान्यात टॅब दाबू नका, लगेच नवी ओळ तयार होते.

बारा महिने बारा वेळा भरायची मात्र गरज नाही. साध्या वर्षात जानेवारी आणि ऑक्टोबर एकाच वारी सुरू होतात. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर एका वारी. एप्रिल आणि जुलै एका वारी. सप्टेंबर आणि डिसेंबर एका वारी. मे, जून आणि ऑगस्ट तेवढे स्वतंत्र. म्हणजे सातच तक्ते भरायचे. मार्चचं पान कंट्रोल-डीने डुप्लिकेट केलं, २९, ३० आणि ३१ पुसले की फेब्रुवारी तयार; नुसता ३१ पुसला की नोव्हेंबर. हे सोपं राहावं म्हणून रिकाम्या खान्यांत आधीच्या किंवा पुढच्या महिन्याच्या फिकट तारखा टाकू नका. त्या प्रत्येक महिन्यात वेगळ्या येतात आणि सगळी बचत वाया जाते. शिवाय रिकामे खाने डोळ्याला बरे वाटतात.

महिन्याचं नाव सुटा टेक्स्ट बॉक्स टाकून लिहू नका, स्लाइडच्या टायटलच्याच चौकटीत लिहा. लिंक देताना जी यादी उघडते तिच्यात हीच टायटल्स दिसतात. टायटल नसेल तर ‘स्लाइड ७’, ‘स्लाइड ८’ असं दिसतं आणि कुठलं पान कुठल्या महिन्याचं हे मोजत बसावं लागतं. टायटलची जागा, फॉन्ट आणि पानाचा रंग स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या पानांच्या मूळ साच्यात ठरवा, म्हणजे एका ठिकाणचा बदल सगळीकडे लागतो.

फॉन्ट युनिकोडचाच हवा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं मराठीच राहतात असा: मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी किंवा विंडोजमधला निर्मला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं ‘सोमवार’ हा फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतं.

लिंक्सची वेळ आता येते. लिंक द्यायला समोर पान असावं लागतं, म्हणून मुखपृष्ठ आणि बारा महिने अशी तेरा पानं आधी तयार हवीत. जानेवारीच्या पानावर उजवीकडे २.४ बाय १.२ सेंटिमीटरचा एक आयत काढा, आतला समास ०.१ करा आणि त्यात ‘जाने’ लिहा. त्याच्या अकरा प्रती काढून नावं बदला. अलाइनमधून सगळे एका रेषेत घ्या आणि डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकलीने सारख्या अंतरावर लावा. मग एकेक आयत त्याच्या कडेवर क्लिक करून निवडा, कंट्रोल-के दाबा, ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’मधून महिना निवडा. कडेवर क्लिक करणं महत्त्वाचं आहे. आतली अक्षरं निवडून लिंक दिली तर अक्षरांखाली रेघ येते, रंग बदलतो आणि क्लिक फक्त अक्षरांवरच लागतो. बाराही लिंक्स झाल्या की पूर्ण पट्टी कॉपी करून बाकीच्या बारा पानांवर पेस्ट करा. ती त्याच जागी बसते आणि लिंक्स सोबत येतात. चालू महिन्याचा आयत त्या-त्या पानावर गडद करा. पुढे पानांचा क्रम बदलला तरी लिंक तुटत नाही; पान डिलीट करून नवं घेतलं तर मात्र तुटते.

प्रत्येक तारखेला स्वतंत्र पान देण्याचा मोह होतो. त्यासाठी ३६५ जादा पानं आणि ३६५ लिंक्स लागतात, शिवाय तक्त्याच्या खान्याला लिंक देता येत नाही, फक्त त्यातल्या अक्षरांना देता येते. माझ्या मते आठवड्याची पानं पुष्कळ जास्त उपयोगी. २०२७ ला सोमवार ते रविवार असे ५३ आठवडे स्पर्श करतात. बारा महिन्यांतल्या भरलेल्या ओळी मोजल्या तर ६१ होतात, कारण आठ आठवडे दोन-दोन महिन्यांत विभागलेले आहेत. त्यांच्या दोन्ही ओळी एकाच पानाकडे न्यायच्या. डाव्या समासात प्रत्येक ओळीपुढे छोटा बाण ठेवून त्याला लिंक द्या. तारखांच्या पूर्ण ओळीवरच क्लिक हवा असेल तर वर एक आयत पसरून त्याला सॉलिड फिल द्या आणि ट्रान्सपरन्सी १०० टक्के करा. ‘नो फिल’ ठेवलं तर आतल्या मोकळ्या भागावर क्लिक लागेलच याची खात्री नसते.

फाइल वाटायची असेल तर पीडीएफ करा, पण ‘सेव्ह अ‍ॅज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’मधून. प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ प्रिंटर निवडला तर पानं तशीच दिसतात, लिंक्स मात्र जातात. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो. पॉवरपॉइंटची मूळ पीपीटीएक्स फाइल द्यायची असेल तर ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये फॉन्ट एम्बेड करण्याची, म्हणजे फाइलमध्येच बसवण्याची खूण करा. टॅबलेटवर पेनने लिहायच्या अ‍ॅपमध्ये लिंक चालत नाहीये असं वाटलं तर आधी वाचनाच्या मोडमध्ये जाऊन पाहा. लिहिण्याच्या मोडमध्ये टॅप म्हणजे पेनचा ठिपका ठरतो.

भिंतीवरच्या स्क्रीनवर स्लाइड शो म्हणूनच लावणार असाल तर ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये किऑस्कचा पर्याय निवडा. मग रिकाम्या जागी क्लिक झाला तरी पान पुढे सरकत नाही, फक्त लिंक्स चालतात.

सजावटीआधीची कोरी प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा. २०२८ हे लीप वर्ष आहे आणि ते शनिवारी सुरू होतं, त्यामुळे जोड्या बदलतात: जानेवारी, एप्रिल, जुलै एकत्र, फेब्रुवारी आणि ऑगस्ट एकत्र, मार्च-नोव्हेंबर आणि सप्टेंबर-डिसेंबर तशाच. मे, जून आणि ऑक्टोबर स्वतंत्र भरा. महिन्यांची पट्टी आणि तिच्या लिंक्सना हात लावायची गरज नाही, आठवड्यांचे बाण तेवढे नव्याने जोडा.