सातपुड्याच्या कडेनं फ्लॅश घेऊन: आतापर्यंतची नोंद

पळस फुलून गेला, सागाची पानं खाली आली, आणि जंगलाकडेच्या फॅशन शूटचं आमचं वेळापत्रक आता उन्हाळी झालंय. सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात जळगाव-धुळ्याकडे माणसानं घराबाहेर पडू नये, जरीची साडी नेसलेल्या माणसानं तर मुळीच नाही. म्हणून दुपारी घरात बसून ही नोंद लिहितोय.

सामान तेच: जुना घेतलेला फुल फ्रेम कॅमेरा बॉडी, ८५ आणि ३५ मिमीच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स, २०० वॉट-सेकंदाचा गोडॉक्स एडी२०० फ्लॅश, कॅमेऱ्यावरून तो पेटवणारा ट्रिगर, एक मध्यम ऑक्टा (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी आठकोनी कापडी पेटी), दोन एनडी फिल्टर (लेन्सवर चढवायच्या, उजेड कमी करणाऱ्या काळसर काचा), थोडे जेल (फ्लॅशसमोर लावायच्या रंगीत पारदर्शक पट्ट्या). कपडे एका बुटीकवाल्या वहिनींचे, उसने. मॉडेल मावसबहीण आणि तिची मैत्रीण. स्टँड धरायला भाचा. कुणालाही पैसे नाहीत, पण परतताना शेवभाजी माझ्याकडून, हा ठराव.

जंगलात उजेड कमी म्हणून फ्लॅश न्यायचा, असं ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. आमच्या जंगलाला ते लागू नाही. हे पानझडी रान. गर्द सावली मिळते ती पावसाळ्यात, सागाच्या दाट पट्ट्यात. बाकी वर्षभर ऊन फांद्यांतून गळून ठिपक्याठिपक्यांनी पडतं. एक ठिपका गालावर, एक नाकावर, एक पदरावर, आणि पाठीमागचं वाळलेलं गवत चेहऱ्यापेक्षा उजळ. अशा ठिकाणी फ्लॅशचं खरं काम चेहरा उजळवणं हे नव्हेच. मागचं सगळं रान दोन पायऱ्या, म्हणजे दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), खाली दाबायचं आणि मग एका माणसापुरता उजेड परत द्यायचा. जंगलात अंधार पाडायलाच मी फ्लॅश नेतो म्हणा ना.

हे एकदा डोक्यात बसलं की कॅमेऱ्याचे आकडे आपोआप लागायला लागतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला कडक उन्हात शटर १/१०० सेकंद आणि लेन्सचं भोक एफ/१६ (आकडा मोठा तितकं भोक लहान) हा जुना हिशोब. म्हणजे १/२०० ला एफ/११. झाडाच्या मोकळ्या सावलीत त्याच शटरला एफ/४ च्या आसपास येतं. आता मागचं रान दोन स्टॉप दाबायचं तर एफ/८ हवा. पण एफ/८ ला पाठीमागची प्रत्येक काटकी मोजून घ्यावी, इतकी स्पष्ट दिसते, आणि सुकलेल्या रानात काटक्यांना तोटा नाही. म्हणून लेन्सवर एनडी ८ चढवायचा आणि एफ/२.८ ला यायचं. तीन स्टॉप फिल्टरनं खाल्ले, हिशोब तोच राहिला, काटक्या मात्र विरघळल्या.

एचएसएस (हाय-स्पीड सिंक, म्हणजे नेहमीपेक्षा वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) वापरून १/१६०० ला हेच करता येतं, आणि घाईत मीही करतो. पण एचएसएसमध्ये फ्लॅश एका झटक्यात न पेटता शटरची फट सरकत असेपर्यंत बारीक बारीक स्पंदनं देत राहतो, त्यामुळे त्याची ताकद निदान दोन स्टॉप घसरते. त्या ताकदीसाठी पॉवर वाढवली की फ्लॅश तापतो, आणि आमच्या हवेत तो आधीच तापलेला असतो. चैत्र-वैशाखात एचएसएसमध्ये फुल पॉवरनं सलग मारा केला की यंत्र स्वतःच हात आखडतं. म्हणून माझं मत एनडीच्या बाजूचं. त्याची कटकट एकच: डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर काळवंडतो आणि सांजवेळी फोकस शोधत बसतो. आणि फिरवायचा स्वस्त व्हेरिएबल एनडी घेऊ नका. ३५ ला तो आकाशात काळपट फुली काढून देतो, ती कोणत्याही सॉफ्टवेअरनं धड जात नाही.

कडक उन्हात गणित आणखी कसलं. तिथं एफ/२.८ ठेवून दोन स्टॉप दाबायचं तर एनडी ६४ लागतो, आणि फ्लॅशला एफ/२२ इतका उजेड पाडावा लागतो. ऑक्टाचं दुहेरी कापड दीड-दोन स्टॉप गिळतं. उरलेल्या ताकदीत २०० वॉट-सेकंद मीटरभर अंतरावरून कसाबसा पुरतो. दोन मीटरवर नेलात की उजेड चौथाई. यावर मोठा फ्लॅश घ्या असा सल्ला सगळे देतात. माझा सल्ला, सावली बघा. वडाच्या, चिंचेच्या, आंब्याच्या सावलीत हाच लहान फ्लॅश राजा असतो. मॉडेल सावलीत, मागे उन्हातलं रान असली चौकट टाळायची. मॉडेल सावलीच्या पुढच्या कडेला आणि मागेही सावली खोलवर गेलेली, अशी जागा शोधायची. बांधावरच्या जुन्या आमराईत अशा जागा हमखास मिळतात.

जागेचं बोलायचं तर पाल, मनुदेवी, चाळीसगावकडे पाटणादेवी ही सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. पण पाल येतं यावल अभयारण्यात आणि पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. तिथं स्टँड, ऑक्टा, कपड्यांची बॅग घेऊन शूट करायचं तर वनखात्याची आधी परवानगी हवी. शिवाय पाखरांच्या आणि जनावरांच्या हद्दीत लखलखाट करत फिरणं मला पटत नाही. मी अभयारण्याबाहेरचे मळ्याचे बांध, नाल्याकाठ, ओळखीच्यांची आमराई यावर भागवतो. शेतमालकाला आदल्या दिवशी फोन, आणि निघताना एक चक्कर घालून कचरा, टेप, पिना उचलायच्या. एका संध्याकाळी बकऱ्या घेऊन चाललेले एक आजोबा फ्लॅश चमकताच थबकले. "ईज पडनी का काय?" म्हणाले. मग बांधावर टेकले आणि शूट संपेपर्यंत हलले नाहीत. पदर कुठं चुकतोय ते त्यांनीच सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

श्रावणापासूनची नोंद थोडक्यात. हिरवा रंग हा पावसाळ्यातला खरा शत्रू. सागाच्या थाळ्याएवढ्या पानांतून झिरपलेला उजेड गव्हाळ कातडीवर पडला की माणूस आजारी दिसतो. फ्लॅशचा स्वच्छ उजेड पडतो त्या बाजूला प्रश्न मिटतो, पण दुसऱ्या गालाला पानं हिरवा रंग परतवत राहतात. सावलीतला हिरवा गाल एडिटिंगमध्ये काढायला बसलात तर ओठही जातात. यावर उपाय सापडला घरातली काळी छत्री. सावलीच्या बाजूनं, चौकटीच्या अगदी बाहेर, गालापासून दोन हातांवर उघडी धरायची. पानांचा परतावा अडतो, गाल नुसता गडद होतो, हिरवा राहत नाही. चेहऱ्याला हाडही येतं. रावेर-यावलच्या केळीबागेत तर या छत्रीवाचून पाऊल टाकू नये. तिथं चारी बाजूंनी हिरवे पडदेच असतात. आणि केळीच्या चिकाला जपा. ओल्या पानाची दांडी मोडली आणि चीक साडीला लागला की तो वाळून काळपट होतो, मग धुवा की घासा, जात नाही. वहिनींनी उसनी दिलेली चंदेरी अशा बागेत मी नेतच नाही, तिथं गडद इंडिगो किंवा मातकट सुतीच.

पावसाळा सरताना सागाच्या पानांची जाळी होते. एक बारीक अळी पानातला हिरवा भाग खाते आणि शिरा तेवढ्या ठेवते. वाळलं की ते पान तपकिरी लेस होऊन जातं. वर्षभरात मला सर्वांत आवडलेला फोटो या पानामुळे झाला, म्हणून तो सविस्तर लिहितो. ऑक्टा काढून टाकला. फ्रेनेल हेड (पुढे काच असलेलं, लहान तोंडाचं) लावलं. फ्लॅश तीन-चार मीटर दूर, मॉडेलच्या डोळ्यांच्या थोडा वर. पान मात्र चेहऱ्यापासून वीतभरावर, पक्कडवाल्या क्लिपनं काठीला धरलेलं. उजेडाचा उगम लहान आणि लांब, अडथळा चेहऱ्याजवळ, म्हणून शिरांची सावली कापल्यासारखी उमटते. पान फ्लॅशजवळ नेलंत तर नुसता डागाळलेला धूर पडतो. डोळ्यावर मोठी शीर येऊ द्यायची नाही. पान बोटभर फिरवत, टेस्ट घेत, बुबुळ मोकळ्या घरात बसवायचं. मावसबहीण तोवर कंटाळून "दादा, पानाचाच फोटो काढ" म्हणाली. रान मागे एक्स्पोजरनं पूर्ण बुडवलं होतं. फक्त चेहरा, गळ्यातली ठुशी आणि त्यावर पसरलेल्या शिरा.

दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं आणि सगळ्यांना तिथंच फोटो हवे असतात. कुसळी गवत असतं ते. साडीच्या निऱ्यांत कुसळं एकदा शिरली की काढायला शूटपेक्षा जास्त वेळ. आता जुनी ताडपत्री अंथरून मॉडेलला त्यावरून चालत जागेवर आणायचं, कमरेवरचे फोटो आधी उरकायचे, आणि पूर्ण उंचीचा फोटो अगदी शेवटी, तोही पायवाटेवर.

पूर्ण उंचीच्या फोटोत उजेडाचं वेगळं दुखणं. फ्लॅश चेहऱ्यापासून मीटरभरावर ठेवला तर पाय त्याच फ्लॅशपासून पावणेदोन मीटरवर पडतात. म्हणजे साडीचा खालचा काठ चेहऱ्यापेक्षा दीड-पावणेदोन स्टॉप काळा. फॅशनचा फोटो आणि काठच दिसत नाही, मग वहिनी का साड्या देतील? ऑक्टा अडीच-तीन मीटर मागे घ्यायचा, छातीच्या उंचीला आणायचा आणि त्याचं तोंड निऱ्यांकडे झुकवायचं. चेहऱ्याला त्याची वरची कडच लागते, ती मऊ असते आणि पुरते. अंतर वाढल्यानं ताकद जास्त लागते, म्हणून हे संध्याकाळीच.

जरीबद्दल एक. मोठ्या ऑक्टासमोर पैठणीचा काठ एकसारखा पिवळा, मेणचट दिसतो. जरीला चमक हवी तर उजेड लहान आणि तिरका लागतो. मागून, खांद्याच्या रेषेत, उघडं हेड अगदी कमी पॉवरवर ठेवलं की धाग्याधाग्यावर ठिणगी बसते. त्यासाठी दुसरा फ्लॅश म्हणून जुना स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा लहान फ्लॅश) चालतो.

पळसाचा धडा मात्र जेलचा आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी मी फ्लॅशवर अर्धा सीटीओ (केशरी जेल) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ३८०० केल्व्हिनच्या आसपास आणतो. चेहरा नेहमीसारखा राहतो, मागचं रान निळसर, कातरवेळेसारखं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाखाली हीच युक्ती उलटी बसते. फुलांवर दिवसाचा उजेड असतो, व्हाइट बॅलन्स खाली ओढला की त्या उजेडासकट फुलांचा केशरी रंग मळकट होतो. ज्यासाठी गेलो तेच घालवून यायचं. पळसाखाली जेल काढा, ५५०० च्या आसपास राहा, आणि शक्य झालं तर दुसरा फ्लॅश फुलांच्या फांदीवर मारा. निळं किंवा काळं कापड त्याच्यासमोर उठून दिसतं, लाल नको.

होळीआधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, आणि तिथल्या पावरा बायांच्या चांदीच्या दागिन्यांची भुरळ प्रत्येक फोटोवाल्याला पडते. ते दागिने भाड्यानं आणून शहरातल्या मॉडेलच्या अंगावर चढवायचे आणि त्याला फॅशन शूट म्हणायचं, हे मला करायचं नाही. सुचवणारे बरेच भेटतात. ज्यांचे ते दागिने त्यांचा फोटो त्यांना विचारून काढावा आणि प्रिंट नेऊन द्यावी, एवढं सोपं आहे ते.

आताच्या दिवसांतलं काम कांडोळाभोवती चाललंय. भुत्या म्हणतात तेच झाड, पांढऱ्या खोडाचं. नाल्याच्या चढावर एक जुनं आहे. खोड इतकं पांढरं की मॉडेलला टेकवून उभं केलं तर ऑक्टाचा सांडलेला उजेड झेलून खोडच पेटतं. ऑक्टाला ग्रिड (उजेड बाजूला सांडू न देणारी जाळी) लावली आणि मॉडेलला खोडापासून दोन पावलं पुढे आणलं, की खोड राखाडी होतं आणि सालीचे सुटलेले पापुद्रे दिसायला लागतात. ग्रिडनं अर्धा-एक स्टॉप जातो, तो आयएसओ २०० करून भरून काढतो. वाऱ्याला ऑक्टा शिडासारखा फुगतो, स्टँडला पाण्याचा पाच लिटरचा कॅन अडकवलाय. भाचा तरी स्टँड सोडत नाही, "मामा, हात भरला" म्हणत उभा असतो. बॅटऱ्या गाडीत ठेवत नाही. फोमच्या डब्यात, बर्फाशिवाय, सावलीत. खाली वाळला पाला, म्हणून आमच्यात कुणी बिडी-सिगरेट पेटवायची नाही. वणव्याचे दिवस आहेत.

जूननंतर तोरणमाळला जायचं ठरतंय. अकराशे मीटरच्या वरचं पठार, सात पायरीचा घाट चढलो की ढग अंगावर. धुक्यात फ्लॅश कॅमेऱ्याजवळ ठेवला तर समोरचे थेंबच उजळतात आणि माणूस पांढऱ्या पडद्यामागे जातो. फ्लॅश मॉडेलच्या मागे, तिनं झाकलेला, म्हणजे तेच धुकं तिच्याभोवती वलय होईल, आणि पुढून फक्त आभाळाचा मऊ उजेड. यशवंत तलावाच्या काठी हे करून बघायचंय. ऑक्टा नेणार नाही, ओला झाला की वाळत नाही. फ्लॅशला दुधाची रिकामी पिशवी आणि रबर, ट्रिगरला दुसरी पिशवी. पिशवीतून सिग्नल नीट जातो का ते घरी नळाखाली आधी बघून घेईन.